भूगोलाच्या मास्तरांचा पत्ता

३ डिसेंबर

प्रिय ठोंब्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू आधी हे पत्र टेबलावर ठेवशील, दोनदा त्याच्याभोवती फिरशील, आणि मग फाडावं की वाचावं याचा विचार करशील. कर सावकाश विचार. तोवर मी लिहून घेते.

तू कॅमेरा घेतलास!

मला सांगितलं नाहीस, त्याचं नवल नाही. तू मला आता काहीच सांगत नाहीस. फोन बदललास तेव्हा नवा नंबर दिला नाहीस, मेल पाठवला तर तो विहिरीत पडल्यासारखा जातो. पण यादीवर तुझे आकडे रोज येतात, ते मला कोण बघू देणार नाही? जगभरातले आपल्यासारखे रिकामटेकडे रोज संध्याकाळी कुठला उपग्रह कुठल्या ताऱ्याजवळून किती वाजता गेला ते त्या यादीवर कळवतात, आणि मी सकाळी चहाबरोबर ती वाचते. लोक वर्तमानपत्र वाचतात तशी. तर तुझ्या वेळा आजवर सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत असायच्या, पुढे 'अंदाजे' असा शेरा. आणि गेल्या महिन्यात एकदम सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत आल्या, शेरा गायब. डोळ्याने आणि स्टॉपवॉचने असं होत नाही, बाळा. मी चहा घेऊन उभीच राहिले. तुझे भावोजी म्हणाले, "काय झालं, कोणी गेलं का?" मी म्हटलं, "नाही, सुधारलं."

कुठला घेतलास? माझ्यासारखाच असणार, दुकानांच्या राखणीला लावतात तो, काळोखातही दिसणारा, पुढे जुन्या फोटोच्या कॅमेऱ्याचं मोठं भिंग. आणि दर चित्रावर वेळ छापणारी ती डबी. वायर सैल बसली तर डबी वेळ चुकवते, एवढं लक्षात ठेव. पहिल्या दिवशी मी पाऊण तास नुसते तारे बघत बसले होते, माहितीये? डोळ्यांना दिसतात त्याच्या कितीतरी पट तारे पडद्यावर येतात. वाळू सांडल्यासारखे. आणि त्यातून एक ठिपका गुपचूप सरकत जातो. जन्मभर लोकांचे एक्स-रे काढले मी, करड्या पडद्यावर बारीक रेघ शोधायची सवय आहे, तरी माझ्या अंगावर काटा आला. तेव्हा तू काय म्हणाला होतास? "यंत्र बघतं म्हणजे काय बघतं? बघायला माणूस लागतो." आता बोल.

कॅमेऱ्यावरूनच आपलं बिनसलं, म्हणून मुद्दाम टोचतेय. कॅमेऱ्यामुळे मला अचूक वेळांची चटक लागली, म्हणून बाबांच्या आणि तुझ्या जुन्या नोंदी मी नंतर पक्क्या झालेल्या मार्गांशी ताडून बघितल्या आणि यादीवर लिहिलं, की आमच्या घराच्या गच्चीवरून कळवलेल्या वेळा थोड्या उशिराच्या आहेत, दर वर्षी थोड्या जास्त उशिराच्या, तरी दुरुस्त करून घ्याव्यात. तू फोनवर ओरडलास, "बाबांना जाऊन वर्ष नाही झालं, आणि तू चारचौघांत त्यांना मंद ठरवतेस?" मी म्हटलं, मंद नाही म्हटलं, उशिरा म्हटलं. तू फोन आपटलास. तो आकडा बरोबर होता, ठोंब्या. आजही मी तेच म्हणेन. पण एका आकड्यासाठी माणूस इतकी वर्षं बोलणं टाकतो का?

ते राहू दे. कालपासून मला गच्चीच आठवतेय. घडीच्या खाटेवर बाबा उताणे, डोळ्यांना दुर्बीण. उशाशी तू, हातात ताऱ्यांचा नकाशा, बॅटरीला लाल कागद लावलेला. आणि मी पाण्याच्या टाकीला टेकून, एका हातात शाळेतून आणलेलं शर्यतीचं स्टॉपवॉच, दुसऱ्या हाताने रेडिओचा कान पिळत. उपग्रह दोन ताऱ्यांच्या बरोबर मधून गेला की बाबा शिट्टी फुंकायचे. पी.टी.चे मास्तर, शिट्टीशिवाय त्यांना जांभईसुद्धा देता यायची नाही. शिट्टी वाजली की मी बटण दाबायचं, रेडिओवर तासाचे ठोके पडले की थांबवायचं, आणि मग वजाबाकी. खालून आई विचारायची, "गेली का तुमची मुंगी? ताटं घेऊ?" आणि तू एकदा भलं मोठं विमान उपग्रह म्हणून कळवलं होतंस! परदेशात बसून सगळ्यांच्या नोंदी गोळा करणाऱ्या आपल्या मुकादमाचं कार्ड आलं, "आपल्या उपग्रहाला लाल-हिरवे दिवे असल्याचं वाचून आनंद झाला." बाबा ते कार्ड वाचून इतके हसले की खाटेची पट्टी तुटली.

मला दोन ओळी लिही. कॅमेरा कुठला तेवढं तरी.

तुझी,
ताई

२१ डिसेंबर

ठोंब्या,

माझं पत्र परत आलं. पाकिटावर आडवा शिक्का मारलाय, 'या पत्त्यावर राहत नाहीत'. पोस्टमनने मला ते दोन बोटांत धरून दिलं, जणू त्यात माझाच काही गुन्हा आहे.

आपल्या घरात तू राहत नाहीस? मग कोण राहतं? मी शेजारच्यांच्या सुनेला फोन लावला. ती म्हणाली, सर दिवाळखोरासारखे नाही, अगदी नीट भाडेकरू बघून, सामान बांधून गेले, कुठे ते नाही सांगितलं. शाळेत फोन केला. तिथला कारकून म्हणाला, "सरांनी मुदतीच्या आधीच निवृत्ती घेतली. निरोप समारंभ नको म्हणाले. आम्ही हार आणून ठेवला होता, तो नकाशांच्या कपाटाला घातला." पत्ता त्याच्याकडेही नाही.

त्यात मुकादमाचा मेल. तो हल्ली सहसा कोणाला लिहीत नाही. वय झालंय, दिवसभर सगळ्यांच्या नोंदींची जुळणी करत बसतो. कुठल्या देशाने गुपचूप वर सोडलेला कुठला उपग्रह कोणत्या वाटेने फिरतोय हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसेल. तो लिहितो, "तुमच्या भावाच्या नोंदी गेल्या महिन्यापासून कुठेच बसत नाहीत. एक तर सगळ्या उपग्रहांनी मिळून कट केलाय, नाहीतर तुमची गच्ची पूर्वेकडे चालत गेलीय. त्याला विचारलं, उत्तर नाही. तो बरा आहे ना? मी त्याच्या नोंदी बाजूला ठेवतोय."

बाजूला ठेवतोय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी लगेच त्याला झापलं, की माझा भाऊ उभा जन्म शाळेत भूगोल शिकवत होता, त्याच्या नोंदीत चूक काढण्याआधी आपला चष्मा पुसा. पाठवून झालं आणि मग तुझे आकडे उघडून बसले. कारण चूक काढायचीच असेल तर ती मी काढीन. तो हक्क माझा.

आणि खरंच, काही म्हणजे काही बसत नाही. आधी मला ती वेळेची डबी वाटली. पण घड्याळ चुकलं तर उपग्रह त्याच्याच वाटेवर मागे-पुढे दिसेल, वाट सोडून बाजूला जाणार नाही. तुझे सगळे बाजूला गेलेत. आणि खालून जाणारे पुष्कळ सरकलेत, उंचावरचे थोडे. हे बघितलं आणि हातातली पेन्सिल मी खाली ठेवली. बाबांनी आपल्याला गच्चीवर हेच शिकवलं होतं ना? अंगठा डोळ्यांसमोर धर, एक डोळा मीट, मग दुसरा. जवळचा अंगठा उडी मारतो, लांबचं झाड जागेवर राहतं.

म्हणजे आभाळ जागेवर आहे. बघणारा हललाय. यादीवर बघण्याच्या प्रत्येक जागेला तिचा क्रमांक असतो; तू दुसरीकडून बघतोयस आणि घराच्या गच्चीच्याच क्रमांकावर कळवतोयस.

भावोजी म्हणाले, "विसरला असेल नवे अक्षांश-रेखांश कळवायला." मी म्हटलं, तुम्ही टोपी विसरता, छत्री विसरता, तो नाही विसरणार. आणि नवीन जागेचं गणित त्याच्याकडे असलंच पाहिजे, नाहीतर कॅमेरा कुठे रोखायचा ते त्याला कळलंच नसतं. त्याने फक्त मुकादमाला कळवलेलं नाही. क्रमांक बदलला तर जुना क्रमांक यादीतून जातो, आणि तो जुना क्रमांक बाबांच्या नावाने मिळालेला आहे. तेवढ्यासाठी केलं असशील, तर मी समजू शकते. मीही नसता बदलला.

पण मग तू आहेस कुठे? हे पत्र मी कोणत्या पत्त्यावर टाकू? तरी लिहितेय, कारण न लिहिता बसवत नाही. सापडलास की दोन्ही एकदम देईन.

ताई

९ जानेवारी

ठोंब्या,

सापडलास.

गणित सोपं निघालं. तूही माझ्यासारखाच, कॅमेरा तपासायला म्हणून ज्यांचे मार्ग जगजाहीर आहेत असे दोन-चार उपग्रह रोज टिपतोस. अमुक वेळेला तो उपग्रह नेमका कुठे होता ते मला ठाऊक. तुला तो कुठल्या दिशेला दिसला ते तू लिहिलंयस. मग तिथून त्याच रेघेने उलट खाली यायचं. जिथे जमिनीला टेकेल, तिथे तू. बस. प्रत्येक नोंदीचा नकाशावर एक ठिपका पडतो. आपण आयुष्यभर खालून वर बघितलं, मी पहिल्यांदा वरून खाली बघत होते, तेही तुला शोधायला.

पहिला ठिपका पडला तो माझ्याच शहरात. मी कपाळावर हात मारला, म्हटलं झालं, त्याच्या जागी आपण आपलेच अक्षांश घातले. ही चूक मी पूर्वीही केलीय. सगळं पुसलं, पुन्हा मांडलं. पुन्हा तिथेच. मग सगळ्या नोंदी घातल्या आणि बघत राहिले. एकेक ठिपका पडत गेला, सगळे एका जागी गोळा होत गेले, मुठीत मावतील एवढ्या जागेत. नदीच्या अलीकडे, डोळ्यांच्या मोठ्या इस्पितळामागे जी चष्म्याच्या दुकानांची गल्ली आहे, तिच्यावर. आमच्या घरापासून चालत पोचता येईल इतकं.

भावोजी मागे उभे होते. म्हणाले, "म्हणजे तो इथंच राहतोय?"

मी म्हटलं, "हो."

"आणि आपल्याला माहीत नाही?"

"नाही."

"मग चल की. चप्पल घाल."

मी नाही घातली. मला इतका राग आला, ठोंब्या, की तो मलाच झेपेना. तू माझ्या बाजारात भाजी घेतोस, माझ्या बसथांब्यावर उभा राहतोस, कदाचित मी तुझ्या पाठीमागून गेलेही असेन, आणि तुला एकदा दार वाजवावंसं वाटलं नाही? दूर राहून बोलला नाहीस ते मी गिळलं होतं. पण शेजारी येऊन मूग गिळून बसायचं? मी भावोजींना सांगितलं, येईल तर तोच येईल. मी लहान नाही, मी मोठी आहे.

ते म्हणाले, "तुम्हा दोघांत मोठं कोणीच नाही." आणि टीव्ही लावला.

मी हे रागात लिहितेय, तर रागातच बंद करते.

ताई

२० जानेवारी

ठोंब्या,

मी अजून आलेली नाही. तूही नाही. पण एक गंमत सांगते.

संध्याकाळी दिवेलागणीला मी गच्चीवर कॅमेरा मांडते तेव्हा आता आधी तुझ्या बाजूला बघते. इस्पितळाचा लाल दिवा आमच्या गच्चीवरून दिसतो. त्याच्या डावीकडे तू. तुझ्या सगळ्या नोंदी पश्चिमेच्या एकाच पट्ट्यातल्या आहेत हे माझ्या लक्षात आलंय, डोक्यावरचा एकही उपग्रह नाही, पूर्वेचा तर नाहीच. म्हणजे तुला गच्ची मिळालेली नाही. एक खिडकी आहे, तीही पश्चिमेची. बाहेर दोऱ्या असतील, कुणाचे तरी कपडे वाळत असतील. गच्चीवर वाढलेला माणूस तू, एका खिडकीत कसा मावतोस?

गेल्या आठवड्यात तो जुना, कोलांट्या खात जाणारा रॉकेटचा सांगाडा गेला ना, उजळतो-विझतो तो? बाबा त्याला 'बिडीवाला' म्हणायचे. मी पडद्यावर त्याला बघत होते आणि एकदम वाटलं, या क्षणी तूही बघतोयस. एकच गोष्ट, एकाच वेळी, दोघं. बऱ्याच वर्षांनी आपण एकत्र काही बघितलं. मी नेहमीची टिपणं करायची विसरले आणि नुसती बघत बसले. सकाळी यादीवर तुझी नोंद होती, माझी नव्हती. मुकादमाने मला विचारलं, तुमच्याकडे ढग होते का. मी हो म्हणून दिलं.

मग मला लहानपणची ती वेळ आठवली. तुला गोवर झाला होता आणि आईने तुला गच्चीवर यायची बंदी केली होती. तू खिडकीत बसून ओरडत होतास, "ताई, मला सांग, मला सांग." आणि मी वरून कठड्यावर वाकून तुला सांगत होते, आता मोठ्या ताऱ्यापाशी आला, आता टाकीच्या वर, आता फिकट झाला. तू खाली नकाशावर बोट फिरवत होतास. दुसऱ्या दिवशी शाळेत तू सगळ्यांना सांगितलंस की तू तो बघितलास. मी तुला खोटारडा म्हटलं तर रडलास. "बघितलाच मी," म्हणालास, "तू सांगितलंस तसा."

आज यादीवर तुझं नाव नाही. काल नव्हतं. परवाही नव्हतं. आभाळ तर काचेसारखं स्वच्छ आहे. कुठे गेलास की काय? गावाला गेला असशील. माणसं जातात गावाला.

ताई

२८ जानेवारी

ठोंब्या,

तू अजून यादीवर नाहीस. मुकादमाने पुन्हा विचारलंय. मी झापलं नाही या वेळी.

काल रात्री मी ताट तसंच बाजूला सारलं. भावोजींनी माझी चप्पल आणून दारात ठेवली. आज दुपारी मी निघाले. ते येतो म्हणाले, मी नको म्हटलं. आता तुझ्या इमारतीच्या खाली, रखवालदाराच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून हे लिहितेय. मांडीवर पिशवी, पिशवीवर कागद, म्हणून अक्षर हलतंय.

माझं गणित गल्लीपर्यंत पोचवतं, दारापर्यंत नाही. म्हणून कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्याला विचारलं. म्हटलं, "एक निवृत्त मास्तर राहतात का इथे? उंच, नाकावर माशी बसू न देणारे?"

तो हसला. "कॅमेरावाले सर? तिसरा मजला. तुम्ही सोसायटीकडून आलात का?"

"नाही. का?"

"अहो, केवढा राडा झाला! खिडकीतून कॅमेरा बाहेर काढून बसायचे. समोरच्या बिल्डिंगवाल्यांना वाटलं, हा माणूस आपल्या घरात बघतोय. विचारायला गेले तर सर म्हणतात, मी उपग्रह बघतो. आता कोण विश्वास ठेवणार? सेक्रेटरीने कॅमेरा उतरवायला लावला. सर कोणाशी भांडले नाहीत, मुकाट्याने उतरवला."

तू भांडला नाहीस? मला इथेच काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पण त्याआधी इतकं हलकं वाटलं, की मी त्याच्या दुकानातल्या स्टुलावर न विचारता बसले आणि पाणी मागितलं. कॅमेरा उतरवला, एवढंच झालं होतं. बाकी तू आहेस.

रखवालदार चांगला आहे. म्हणाला, "सर घरातच असतात. आधी टीव्हीला नाक लावून त्यांची ती काळी चित्रं बघायचे. आता तेही नाही. वर जा की तुम्ही."

मी नाही गेले. तिसऱ्या मजल्यापर्यंत येऊन तू दार उघडलं नाहीस तर हे गुडघे मला खाली कसे आणतील, सांग. म्हणून हे लिहितेय. हा कागद रखवालदार तुला आणून देईल. ऐक. कॅमेरा उचल आणि आमच्याकडे आण. आमची गच्ची सगळ्या बाजूंनी मोकळी आहे, शेजाऱ्यांना माझी सवय झालीय. दोन कॅमेरे शेजारी-शेजारी मांडू. नवा क्रमांक नको असेल तर मुकादमाशी मी भांडते, जुनाच ठेवायला लावते. आकडा बरोबर होता की चूक, यावर मी एक शब्द बोलणार नाही. तू काढलास तर बोलीन.

हो म्हणायचं असेल तर खिडकीतून हात कर. नाही म्हणायचं असेल तर तेही खाली येऊन तोंडावर म्हण.

ताई

थोड्या वेळाने, तिथेच

पत्र परत आलं. या वेळी रखवालदाराच्या हातून.

मी त्याला म्हटलं, "घेतलं नाही त्यांनी?"

म्हणाला, "घेतलं की. हातात धरून बसले. मग मला म्हणाले, वाचून दाखव. मला काही तुमचं अक्षर लागेना, बाई. तर विचारलं, कागदाला समास सोडलाय का? मी म्हटलं, नाही सर, पार कडेपासून लिहिलंय. मग हसले."

शाळेपासून समास न सोडणारी मीच. "पण ते स्वतः का नाही वाचत?"

"तुम्ही घरच्या ना? त्यांना आता वाचता येत नाही. कडेकडेचं दिसतं थोडं, समोरचं गेलं. इस्पितळ जवळ पडतं म्हणून तर इथे आले."

ठोंब्या, मी बाकावरून उठले आणि पुन्हा बसले. शेवटी शेवटी बाबा स्वच्छ आभाळाखाली आडवे पडून म्हणायचे, "आज ढग फार आहेत रे." आणि आपण दोघं एकमेकांकडे बघून म्हणायचो, "हो बाबा, फार आहेत." आणि नंतर मी दर वर्षी वाढत गेलेला तो उशीर मोजून, तक्ता काढून, जगासमोर ठेवला. तुझ्याही नावापुढे तोच वाढता उशीर होता. तुला तो तक्ता वाचता आला होता, मला आला नाही. एक्स-रे काढणारी म्हणे मी.

माझ्या पत्रांना उत्तर नाही म्हणून मी इतकी चिडले. ती पोचली असती, तरी तू ती कुणाकडून वाचून घेणार होतास?

रखवालदार जाता जाता म्हणाला, "आणखी एक सांगायला सांगितलंय. म्हणाले, ताईला म्हणावं, गणिताला फार वेळ लावलास."

म्हणजे तू मुद्दाम केलंस. जुना क्रमांक मुद्दाम ठेवलास. बाबांसाठीही असेल, पण मला कळावं म्हणून. दार वाजवून 'ताई, मला दिसत नाही' हे म्हणता येईना, म्हणून रोज आकड्यांतून हाक मारत बसलास. मला ती ऐकू यायला वेळ लागला, आणि ऐकू आल्यावरही मी रुसून बसले.

येते वर. लिफ्ट बंद आहे म्हणे. दर मजल्यावर थांबत येईन, दार उघडं ठेव. आधीची चारही पत्रं पिशवीत आहेत, हे पाचवं आणि सहावं. सगळी वाचून दाखवीन, भांडणाच्या जागा मोठ्याने. फक्त पुढची ओळ वाचणार नाही, ती तुला कधीच कळणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

आकडे यायचे थांबले ना, ठोंब्या, तेव्हा मी रोज सकाळी यादी उघडून तुझं नाव शोधायचे, आणि रोज मला वाटायचं, तू मेलास, आणि आता या जगात मला कोणी ताई म्हणणार नाही.